समान की समन्यायी? शाळेच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पहिली नेमणूक माणमध्ये दोनशिक्षकी शाळेवर, मधली बरीच वर्षं कराडच्या ऊसपट्ट्यात आणि शेवट जावळीच्या डोंगरात. निवृत्त झाल्यापासून दर जून-जुलैला साताऱ्यात शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायला बसतो. समोर पालक असतात, सर्व्हर बंद असतो, मग बोलणं निघतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही रागाने विचारलेले असतात, काही खरंच कळत नाही म्हणून. दोघांनाही देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

समानता आणि समन्याय, दोन्हीचा अर्थ एकच ना?

एकच नाही. आणि आपल्या भागातल्या माणसाला हा फरक पाण्याने केव्हाच शिकवलाय. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द आटपाडी-खानापूरकडच्या पारावरच्या म्हाताऱ्यालाही माहीत असतो. १९८०च्या दशकात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा ठेवला. 'पाणी सगळ्यांना खुलं आहे, ज्याला पाहिजे त्याने घ्या' असं म्हटलं असतं तर तेही समानच दिसलं असतं. पण सगळं पाणी मोठ्या मोटरवाल्याच्या शेतात गेलं असतं.

शाळेतही तसंच. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, सगळ्यांना तीच. ही समानता, आणि ती हवीच. पण जतच्या सीमेकडच्या वस्तीवर घरात कन्नड बोलणाऱ्या पोराच्या हातात पहिलीचं मराठी पुस्तक दिलं तर त्याला चित्रंच तेवढी वाचता येतील. म्हणून जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. ज्याला कमी दिसतं त्याला तेच पुस्तक मोठ्या अक्षरात लागतं. धडा तोच, तिथवर पोचायची सोय वेगळी. ही सोय म्हणजे समन्याय.

व्हॉट्सॲपवर खोक्यांवर चढून कुंपणापलीकडे बघणाऱ्या पोरांचं एक चित्र फिरतं, तुम्ही पाहिलं असेल. बुटक्या पोराला दोन खोकी, उंचाला एकही नाही. मला ते अर्धंच पटतं. माझ्या वर्गातली पोरं बुटकी नव्हती हो. त्यांच्या पायाखालची जमीन कोणीतरी खणून नेली होती.

एकाला जास्त आणि एकाला कमी, हा पंक्तिप्रपंच नाही का?

हा शब्द फार चांगला आहे, म्हणून उत्तर पंगतीतूनच देतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. त्याच वर्षी साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ला गांधीजी तिथे आले आणि त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव दिलं गेलं. या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका ओळीत बसून जेवायची, एकाच चुलीवरचं. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. खुद्द भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना मिस क्लार्क बोर्डिंगच्या, म्हणजे अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या, कार्यक्रमाला गेले आणि त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं होतं.

तर पंगतीत समता होती, कडक. पण त्या पंगतीत पोर येऊन बसलं कसं? ज्याच्या घरून धान्य येऊ शकत होतं त्याचं आलं. ज्याच्या घरी काहीच नव्हतं त्याचा भार बोर्डिंगने उचलला. एकदा कोठीत काहीच उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी स्वतःचं मंगळसूत्र दिलं आणि पोरांच्या पोटाची सोय केली. सगळ्यांकडून सारखीच फी घेतली असती तर मंगळसूत्र मोडावं लागलं नसतं. पंगतही आखूड झाली असती, आणि त्यात कोण उरलं असतं ते सांगायला नको.

पंक्तिप्रपंच म्हणजे ताटावर बसलेल्यांत भेद करणं. पंगतीपर्यंत येण्याच्या वाटेवर एकाला बैलगाडी पाठवली, कारण त्याचं घर ओढ्यापलीकडे आहे, तर तो प्रपंच होत नाही.

प्रवेश सगळ्यांना खुला ठेवला, एवढं पुरत नाही का?

या प्रश्नाचं उत्तर साताऱ्यातच आहे, चालत जाऊन बघून या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा इथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. आज ते प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकावर त्यांचं नाव आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात.

म्हणजे प्रवेश मिळाला होता. दार उघडंच होतं. पण आत बसायला घरून आणलेलं तरटाचं बसकण, तेही बाकीच्यांपासून वेगळं, आणि संध्याकाळी ते परत घरी न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

पुढे कॉलेजला आणि मग १९१३ मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात ते गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी तर साताऱ्यात असतानाही तेवढीच होती. मधे शिष्यवृत्ती आली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या शाळेसमोरून जाताना दर वेळी करतो. त्याच काळात तरटावर बसलेल्या आणखी किती पोरांना कोणी सयाजीराव भेटले नाहीत, याचाही.

फुले-शाहूंच्या काळी हा शब्द तरी होता का?

शब्द नव्हता, काम होतं. जोतीरावांचं मूळ गाव खटावातलं कटगुण, सावित्रीबाई खंडाळ्याकडच्या नायगावच्या. १८४८ला पुण्यात मुलींची शाळा काढली ती सगळ्यांना माहीत असते. १८५५ची कामकऱ्यांसाठीची रात्रशाळा कमी जणांना माहीत असते. दिवसा जो शेतात किंवा कामावर आहे त्याला 'शाळा अकरा ते पाच उघडी आहे' हे सांगून उपयोग काय? वेळ त्याच्या सोयीची केली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे मांडलं त्यात तर हिशेबच होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यातूनच आली.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ला करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. (त्या मागासलेल्यांत मराठेही धरले होते, हे आजच्या वादात दोन्ही बाजू सोयीने विसरतात.) पण जागा राखून ते थांबले नाहीत. जागा भरायला शिकलेली माणसं लागतात, म्हणून जातीजातींची वसतिगृहं काढायला मदत केली, आणि १९१७ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड.

ऊसतोड्यांच्या पोरांना शाळा जवळच असते की. मग त्यांच्यासाठी वेगळं काही कशाला?

हा प्रश्न मला कराडच्या एका बागायतदाराने विचारला होता, त्याच्याच फडात उभं राहून. आणि मी पण कधीकाळी असाच विचार करत होतो, म्हणून जरा सविस्तर.

गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीडकडून, नगरकडून, आपल्याच जत-माणमधूनही टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उन्हाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माघारी जायचं नाही. पहाटे अंधारात फडावर. मागे कोपीत, म्हणजे झोपडीत, नऊ वर्षांची पोरगी, कडेवर धाकटा. पाणी आणायचं, भाकऱ्या थापायच्या, दुपारी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला जायचं. शाळा अर्ध्या किलोमीटरवर, कायद्याने तिच्यासाठी उघडी. पण धाकट्याला कुणाकडे ठेवणार?

पाच-सहा महिने असे जातात. म्हणजे निम्मं वर्ष.

एका नोव्हेंबरात माझ्या चौथीच्या वर्गात अशी एक मुलगी आली. मी तिला शेवटच्या ओळीत बसवलं आणि आठवड्याने घटक चाचणी घेतली. तीच प्रश्नपत्रिका, तेवढाच वेळ. माझ्या मनात अगदी स्वच्छ होतं: कुणाला झुकतं माप नाही, कुणाला कमी नाही. तिला वीसपैकी दोन गुण पडले. मी रजिस्टरला लाल शाईने लिहून मोकळा झालो.

पुढच्या रविवारी सायकलवरून जाताना कोपीपाशी थांबलो, तर ही पोरगी बापाला वजनकाट्याची पावती वाचून दाखवत होती. किती टन, टनाला काय दर, मुकादमाचं कमिशन जाऊन हातात किती. दशांशचिन्हासकट, तोंडी. माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबरालाही ते आलं नसतं. आणि मी तिला विचारलं काय होतं? तिच्या गावच्या शाळेत अजून न झालेल्या धड्यातल्या गाळलेल्या जागा.

तेव्हापासून 'सगळ्यांना सारखंच' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

आता उपायांचं. एक, कारखान्याच्या जवळ साखरशाळा. नसण्यापेक्षा बरी, पण तिथे वर्ग एक आणि इयत्ता पाच, आणि टोळी फड बदलते तसा पट बदलतो. दोन, हमीपत्रक: मूल कुठल्या इयत्तेत आहे, कुठवर शिकलंय हे त्यावर लिहिलेलं, म्हणजे नव्या शाळेत कोऱ्या पाटीने सुरुवात नको. तीन, मूळ गावातच हंगामी वसतिगृह. पोर आजी-आजोबांजवळ राहतं, जेवणाची सोय होते, शाळा बदलत नाही. मला विचाराल तर तिसरा मार्ग सगळ्यांत चांगला. फक्त ती वसतिगृहं टोळी निघायच्या आत सुरू झाली पाहिजेत. बैलगाडीत सामान चढलं की पोरही चढतं.

गरिबी सगळ्या जातींत आहे. मग मदत जात बघून का?

फॉर्म भरताना सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. विचारणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा खरी असते. दोन एकर कोरडवाहू, एक म्हैस, मुलगी हुशार. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

गरिबीसाठी मदत आहेच आणि असली पाहिजे. २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण मिळालं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते तीन विरुद्ध दोन असं उचलून धरलं. उत्पन्नावर आधारलेल्या शिष्यवृत्त्या आहेत.

पण पैशाची अडचण आणि जातीची अडचण या दोन वेगळ्या गाठी आहेत. रामजी आंबेडकर लष्करात सुभेदार होते, पेन्शन होती. त्यांच्या मुलाला तरट पैसे नव्हते म्हणून मिळालं नाही. आणि ते सगळं जुनं झालं असं म्हणणाऱ्याने एकदा साताऱ्यात किंवा सांगलीत आडनाव सांगून भाड्याने खोली शोधून बघावी.

मग आरक्षण म्हणजेच समन्याय?

त्यातलं एक हत्यार. मूळ घटनेत कलम १५(४) नव्हतं. मद्रास राज्याच्या जागावाटपाचा आदेश चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द झाला आणि १९५१ मध्ये पहिल्याच घटनादुरुस्तीने हे कलम आलं: मागास वर्गांसाठी खास तरतूद करायला समतेचं कलम आडवं येणार नाही. १९९२च्या इंद्रा साहनी निकालाने ५० टक्क्यांची मर्यादा आणि ओबीसींसाठी क्रिमिलेअर, म्हणजे त्यांच्यातल्या सुस्थितीतल्यांना वगळणारी रेषा, आणलं. १ ऑगस्ट २०२४च्या निकालाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असं सांगितलं. आपल्याला ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्राने भटक्या-विमुक्तांचे अ, ब, क, ड गट केव्हाच केलेत, कारण एकाच ताटात वाढलं की ज्याचा हात लांब तो जेवतो.

पण आरक्षण कॉलेजच्या दारात कामाला येतं. चौथीतच गळालेलं पोर त्या दारापर्यंत पोचतच नाही. आपल्याकडे सगळी भांडणं त्या दारातच होतात आणि चौथीकडे कुणी बघत नाही, ही माझी जुनी तक्रार.

मुलींना एसटी फुकट, फी माफ. मुलांनी काय घोडं मारलंय?

मुलांनाही पासात सुमारे दोन तृतीयांश सवलत असते, हे आधी सांगतो.

आता मुलींचं. जावळीत असताना सातवीनंतर माझ्या पटावरच्या मुली गळायच्या. घरोघरी फिरून विचारलं. पैसे नाहीत असं फार थोड्यांनी सांगितलं. एकच वाक्य सगळीकडे: "गुरुजी, संध्याकाळची गाडी आली न्हाई तर पोरगी घरी कशी येणार?" मुलगा न आलेल्या गाडीनंतर ट्रकला हात करून येतो. मुलीच्या बाबतीत एकदा गाडी चुकली की बाप दुसऱ्या दिवशी शाळाच बंद करतो. पास फुकट केल्याने अर्धंच काम होतं. गाडी वेळेवर यायला हवी.

२०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. त्या वर्षी माझ्यासमोर बसलेल्या एका बापाने सगळे कागद तपासून विचारलं, "म्हणजे आता लग्न थांबवू?" एवढ्या एका प्रश्नासाठी मला ती योजना पटली.

दिव्यांग मुलाला जादा वेळ दिला तर इतरांवर अन्याय नाही?

तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लागला तर लेखनिक. पेपर भूगोलाचा असतो. हाताच्या वेगाचा वेगळा पेपर बोर्ड घेत नाही.

आरटीईतून मोठ्या शाळेत नंबर लागला. मुलगा रमेल का?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. म्हणजे जागा आहेत, निर्धास्त अर्ज करा.

रमण्याचं मात्र शाळेवर आहे. फी माफ होते, गॅदरिंगचा ड्रेस माफ होत नाही. एका शाळेत वर्गशिक्षिका पोरांसमोर पुकारायच्या, "आरटीईवाले उभे राहा." आमच्याही शाळांत "शिष्यवृत्तीवाले हात वर करा" चालायचं, मी स्वतः म्हटलंय. पैसे वेगळे द्यायचे होते, आम्ही मानही वेगळा देऊन बसलो. भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका'मधलं शहाणपण मला इथे दिसतं. खोरं हातात घेतलेल्या पोराला कुणी फुकट जेवतो म्हणत नाही. नावं पुकारायची नसतील तर सोपं आहे: यादी कार्यालयात करा आणि पालकांना फोन करा.

हे सगळं कधी थांबणार? किती पिढ्या?

आठ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ओबीसी कुटुंबाचा नॉन-क्रिमिलेअर दाखला जातो, म्हणजे एका अर्थी थांबण्याची सोय आत्ताच आहे. बाकी मला हा प्रश्न घाईचा वाटतो. तरट किती पिढ्या होतं, हे विचारणारे फार कमी भेटले.

दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारला. आता काय?

हे नीट वाचा आणि टोळीवाल्यांना, मेंढपाळांना, वीटभट्टीवाल्यांना वाचून दाखवा. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही, कलम ५. कधीच शाळेत न गेलेलं किंवा मधेच सुटलेलं मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि त्याला बरोबरीला आणायला खास शिकवायचं, कलम ४. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. त्यात तुमच्या वस्तीचं कोणी आहे का, हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीइतकं लक्ष देऊन बघा.

जात, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर हे दाखले शिष्यवृत्तीला आणि पुढच्या प्रवेशांना लागतात, ते दिवाळीच्या सुट्टीत काढून ठेवा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. जूनमध्ये सगळा जिल्हा एकाच खिडकीपाशी असतो.

आणि तरीही पोराला परत पाठवलं, तर भांडू नका. "प्रवेश नाकारल्याचं कारण कागदावर लिहून द्या," एवढंच म्हणा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तिथेच रजिस्टर उघडतं. नाही उघडलं तर एक साधा अर्ज करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. जाताना पोराला बरोबर न्या, दप्तरासकट.